टीडीएसचा आकडा आणि गिझरमधला चुना

दोन वर्षांत तिसरी कॉइल. परवा मेकॅनिकने गिझर उघडला आणि बाथरूमच्या फरशीवर पांढऱ्या खपल्या ओतल्या, चांगल्या अर्धा तांब्या भरतील एवढ्या. "ताई, गिझरला काही झालेलं नाही, तुमच्या पाण्याचं बघा," एवढं म्हणून पैसे घेऊन गेला. दोन वर्षांत तीनदा मला चुना लागला, तोही अक्षरशः.

माझं लग्नाआधीचं आयुष्य सदाशिव पेठेत गेलं. तिथे नळाला खडकवासल्याचं पाणी. पानशेत-वरसगावच्या डोंगरांत पडलेला पाऊस धरणात साठतो आणि तिथून नळाला येतो, जमिनीत फारसा मुरतच नाही. त्यामुळे साबण जरा जास्त लागला तर फेस जाता जात नसे. आता वाघोलीच्या पुढे राहते. इथे बोअर आणि टँकर. बोअरचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपत, मुरत येतं आणि येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. शाळेत 'सुफेन' आणि 'दुष्फेन' हे शब्द मार्कांसाठी पाठ केले होते. अर्थ इथे राहायला आल्यावर कळला. टॉवेल पापडासारखे, बादलीला पांढरी कड, आणि सासूबाईंची तूरडाळ चार शिट्ट्यांनंतरही गोटा. सासूबाई चार महिने दुकानदाराला बोल लावत होत्या. एकदा पिण्याच्या बाटलीतल्या पाण्यात लावली, तर मऊसूत शिजली. दुकानदार बिचारा सुटला.

आता मुद्द्यावर येते. आमच्या सोसायटीत सॉफ्टनर, म्हणजे दुष्फेन पाणी सुफेन करणारं यंत्र, आहे. बिल्डरनेच बसवून दिलाय, पंपहाउसमध्ये चांगला पुरुषभर उंच उभा आहे. पण वर्षभरापूर्वी मीटिंगमध्ये एका काकांनी खिशातून टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचा मीटर काढला, आधी बोअरच्या पाण्यात बुडवला, मग सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्यात. दोन्हीकडे जवळजवळ तोच आकडा. "म्हणजे हे यंत्र काहीच करत नाही, आणि आपण दर महिन्याला त्याला मीठ चारतोय!" टाळ्या पडल्या. मीठ बंद झालं. खर्च वाचला म्हणून मिनिट्समध्ये अभिनंदनाचा ठरावही आहे. (टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. नंतर पोस्टमध्ये खोटं नको.)

सॉफ्टनर पाण्यातून क्षार काढतच नाही, तो अदलाबदल करतो. आतल्या रेझिनचे बारीक मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याबदल्यात सोडियम सोडतात. टीडीएस मीटर मोजतो ती पाण्यातून वीज किती वाहते ते, आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधतो. कॅल्शियम गेलं, सोडियम आलं, तर त्याच्या लेखी फरक जवळपास शून्य. गिझरच्या लेखी मात्र जमीन-अस्मानाचा फरक, कारण तापल्यावर कॅल्शियमचा चुना होऊन कॉइलवर बसतो, सोडियमचा बसत नाही. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवून पुन्हा ताजे करावे लागतात. मीठ बंद म्हणजे सॉफ्टनर नुसता मधला पाइप.

मी पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, मोजायचं साधं किट मागवलं. पाण्यात रंग टाकायचा, ते वाइनसारखं लालसर होतं, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे, निळं झालं की थांबायचं. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला 25 मिलिग्रॅम. बोअरला 21 थेंब लागले, सॉफ्टनरनंतर 20, म्हणजे लिटरला 500 मिलिग्रॅम. माहेरच्या नळाला 2. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आमचं पाणी कागदावर 'चालतं'. पण 500 च्या हिशेबाने रोज 60 लिटर पाणी गिझरमधून गेलं तर वर्षाला जवळपास 11 किलो ऐवज आत शिरतो. सगळा बसत नाही हो, पण थोडा बसला तरी कॉइल आतल्या आत तापून जळते.

दरम्यान ग्रुपवर गिझरच्या कंपन्यांना शिव्या, वॉशिंग मशीनच्या कंपन्यांना शिव्या. एक विक्रेता येऊन पाण्यात तारा सोडून ते तपकिरी करून दाखवून गेला. तो रंग त्याच्या लोखंडी सळईच्या गंजाचा होता, पण तीन घरांनी आरओ (पिण्याचं पाणी शुद्ध करणारं यंत्र) घेतला. आरओ स्वयंपाकघरात बसतो, गिझर बाथरूममध्ये. तिथे काय करणार तो?

मी स्वतः गिझर 70 वरून 55 वर आणलाय, तेवढा थर कमी धरतो. शॉवरची चाळणी रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवते. पण हे सगळं ठिगळकाम. बावन्न घरांनी आपापली कॉइल बदलत बसण्यापेक्षा मीठ स्वस्त, हे गणित समितीला दोन मीटिंगा समजावलं. स्वयंपाकघराची लाइन सॉफ्टनरपासून वेगळी ठेवा, पिण्यात जादा सोडियम नको, हेही सांगितलं. ते पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये गेलंय.

गेल्या शुक्रवारी मिठाची पोती आली. रविवारी रेझिन धुतल्यावर पंपहाउससमोर सगळ्यांदेखत थेंब मोजले. तिसऱ्या थेंबाला पाणी निळं. काकांनी स्वतःच्या हाताने पुन्हा मोजलं, तरी तीनच. मग खिशात हात घालून म्हणाले, "ते ठीक आहे, पण टीडीएस किती आला?"