तेलातला ऐवज

मोटरसायकलचं ऑइल बदलणं हे तसं निरुपद्रवी काम. जुनं काढा, नवं घाला, हात पुसा. पण काढलेल्या तेलात डोकावून बघायची खोड ज्याला आहे, त्याच्या नशिबी शांतता नाही. मी त्या जमातीतला. ट्रेच्या तळाशी काहीतरी चमकलं की आमच्या डोळ्यांसमोर पिस्टन, रिंगा, क्रँक असे एकामागून एक आडवे होतात. त्यात भोवती तज्ज्ञ जमतात. निम्मे म्हणतात, "इंजिन खोलावं लागणार." उरलेले म्हणतात, "काही होत नाही, टाका ऑइल आणि पळवा." दोन्ही पंथांत एक साम्य असतं: ट्रेमध्ये कोणीच वाकून बघत नाही.

तेव्हा वाकायचं आपणच. पण त्याआधी ट्रे पुसलेला होता का, हे आठवा. मागच्या खेपेचा वॉशर तळाला चिकटून बसलेला असतो आणि इंजिनावर नाहक आळ येतो. तेल काढण्यापूर्वी गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवायची. गरम तेल पातळ होतं आणि कचरा बरोबर घेऊन उतरतं. थंड इंजिनात तो चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखाली तेल साठतं त्या भागाच्या, तळाशी बसून राहतो आणि आपण "तेल स्वच्छ निघालं" म्हणून खूश होतो. फार गरमही नको, तेल सोडायचा ड्रेन बोल्ट सुटताच पहिली धार मनगटावरून जाते. मग ते तेल पांढऱ्या सुती कापडातून गाळायचं. काळ्या तेलात बोट फिरवून निदान करणारे लोक आहेत. त्यांच्या बोटांत कुसळं असतात, निदान नसतं.

ड्रेन बोल्टाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लगदा दिसेल. दोन बोटांत चोळला आणि दाणा लागला नाही, तर तो पुसून टाकायचा आणि निवांत राहायचं. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि ओला (तेलात बुडलेला) क्लच हे तिघंही एकाच तेलावर जगतात. गिअरचे दात एकमेकांवर घासतात, क्लचच्या प्लेटा झिजतात आणि सगळ्यांचा चुरा एकाच चेंबरमध्ये येतो. नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगला, म्हणजे ५०० ते १००० किलोमीटरच्या सुमारास, तेलात थोडी चंदेरी झाक दिसते, तीही रीतसरच. तीच झाक २०००० किलोमीटरनंतर दिसली, तर मात्र कपाळाला आठी पडायला हरकत नाही.

दाणा लागला, पापुद्रा दिसला किंवा सरळ तुकडाच हाती आला, की चुंबक आणा. चिकटला तर पोलाद. एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खडबडीत असा पातळ पापुद्रा असेल, तर बेअरिंगच्या पृष्ठभागाची खपली निघाल्याचा संशय घ्यावा. अशी गाडी वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर करते. जाडसर, कोपरा मोडल्यासारखा तुकडा असेल, तर गिअर पडून न्यूट्रल होतो का ते आठवून बघा. गिअर एकमेकांत अडकवणारे खुंट झिजले की त्यांच्या कडा अशाच उडतात.

चुंबकाने ढुंकूनही पाहिलं नाही आणि नखाने दाबल्यावर वाकला, तर ॲल्युमिनियम. पिस्टन, क्लचचं हाउसिंग, केसिंग, सगळेच संशयित. सोनेरी झाक असेल, तर पितळी बुश कुठे आहेत त्याचा शोध. काळा, लवचिक तुकडा बहुधा टायमिंग चेनच्या गाईड पट्टीचा. आणि रबरी अळीसारखं जे निघतं, ते कुणीतरी पॅकिंगवर सढळ हाताने थापलेलं सीलंट. ते धातू नसलं, तरी तेलाची जाळी तुंबवायला पुरेसं असतं.

या सगळ्यांत माझा आवडता ऐवज म्हणजे ॲल्युमिनियमची नाजूक, गोल वळणांची तार. ती हातात घेऊन लोक बेअरिंगपासून वॉल्व्हपर्यंत सगळ्यांवर संशय घेतात. ती असते चेंबरचे आटे. बोल्ट पोलादी, भोक ॲल्युमिनियमचं आणि पाना लांब दांड्याचा. ड्रेन बोल्टाला साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. "अजून थोडा" म्हणणाऱ्याला पुरेसं कधी झालं ते कळतच नाही. कळतं तेव्हा बोल्ट गोल गोल फिरत असतो. उपाय आहे: भोक मोठ्या टॅपने, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराने, कापून आत पोलादी तारेचे आटे बसवायचे. ते मूळच्यापेक्षा दणकट निघतात. टॅप मारताना पडलेला कीस मात्र धुऊन काढायला हवा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा पंचनामा.

बोल्टावर भागत नाही. जाळी काढून रॉकेलमध्ये धुवा, कागदी फिल्टरच्या घड्या उलगडून उजेडात धरा. मोठा तुकडा जाळी अडवते. बारीक चमकी पंपातून पार होऊन फिल्टरमध्ये बसते, म्हणून खरी कुंडली तिथे सापडते. फिल्टर फारच तुंबला, तर बायपास वॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल पुढे जातं. बेअरिंगांनी उपाशी मरण्यापेक्षा उष्टं खाल्लेलं बरं, असा त्यामागचा हिशेब. काही लहान इंजिनांत कागदी फिल्टर नसतोच. क्रँकच्या टोकाला फिरणारी डबी जड कचरा भिंतीवर फेकून तिथेच थापते. ती बघायला क्लचकडचं कव्हर उतरवावं लागतं, म्हणून ती कुणी बघत नाही.

आता निवाडा. तुकड्याला ओळखता येईल असा आकार असेल, म्हणजे सर्क्लिप (भाग जागेवर अडकवणारी कडी), सुईएवढा रोलर, बेअरिंगच्या पिंजऱ्याचा तुकडा, तर किक मारायची नाही. खालून ठोके येत असतील, तरीही नाही. नुसते थोडे बारीक कण असतील आणि आवाज स्वच्छ असेल, तर नवा वॉशर, नवा फिल्टर, नवं तेल घालून गाडी २००-३०० किलोमीटर सावकाश चालवायची आणि पुन्हा गाळून बघायचं. मधल्या काळात कुणी डिझेल घालून इंजिन "धुऊन" घ्यायला सांगेल. त्याचं ऐकू नका. डिझेलचा थर बेअरिंगला तेलासारखा पेलत नाही. कचरा निघेल, पण बरोबर नवा कचराही तयार होईल. सापडलेले कण छोट्या डबीत ठेवून वर तारीख आणि किलोमीटर लिहावेत. दुसऱ्या खेपेला तुलना डोळ्यांनी होते, आठवणीने नाही.

आणि दुसऱ्या खेपेला कापडावर काहीच राहिलं नाही, तर एवढा घाट घालून हाती काही लागलं नाही याची थोडी चुटपुटही लागते. मग जाळी उगीच आणखी एकदा उजेडात धरून बघायची.