ज्याँ बातिस्तची आई कधी वारली? : एका आक्षेपाला उत्तर

आपला आक्षेप असा, की ज्याँ बातिस्त शार्बोनोची कुळकथा मांडताना मी केवळ गोऱ्यांच्या कागदांवर विसंबलो आणि त्याची आई, म्हणजे १८०४ ते १८०६ च्या अमेरिकेतील लुईस-क्लार्क शोधमोहिमेबरोबर गेलेली सकागाविआ, १८८४ पर्यंत वायोमिंगमधील विंड रिव्हर येथे हयात होती, ही तिच्या शोशोनी जमातीची मौखिक परंपरा डावलली. तो मी गांभीर्याने घेतो, कारण अमेरिकेच्या त्या पश्चिम सरहद्दीवर लिहिणाऱ्यांनी मुलांच्या आयांची नावेसुद्धा पुष्कळदा टिपली नाहीत. फर-व्यापारी कंपनीचा कारकून जॉन लटिग याच्या रोजनिशीत २० डिसेंबर १८१२ रोजी फोर्ट मॅन्युएल येथे बातिस्तचा बाप शार्बोनो याची ‘स्नेक’ म्हणजे शोशोनी बायको तापाने वारल्याची नोंद आहे, पण नाव नाही. आणि शार्बोनोला शोशोनी बायका एकाहून अधिक होत्या. पुढे १८२५ ते १८२८ च्या सुमारास विल्यम क्लार्कने मोहिमेतील माणसांची यादी करताना सकागाविआ मृत असल्याचे लिहिले. पण त्याच यादीत त्याने मृत ठरवलेला पॅट्रिक गॅस १८७० पर्यंत जगला. तरीही क्लार्कचा शब्द मला वजनदार वाटतो. गॅसशी त्याचा संबंध मोहिमेपुरता होता, तर बातिस्तच्या सेंट लुईसमधील शिक्षणाचा भार त्याने स्वतः उचलला होता, आणि त्या मुलाच्या आईविषयी तो इतका अनभिज्ञ असेल हे पटत नाही.

माझा खरा आधार मात्र मुलाचे पुढचे आयुष्य हा आहे. ११ फेब्रुवारी १८०५ रोजी फोर्ट मँडन येथे जन्मलेला बातिस्त १८२३ मध्ये जर्मनीतील व्युर्टेंबर्गच्या राजपुत्राबरोबर युरोपात गेला, १८२९ मध्ये परतला, १८४६ मध्ये मॉर्मन पंथीयांच्या लष्करी पलटणीचा वाटाड्या झाला, कॅलिफोर्नियातील ऑबर्नच्या सोन्याच्या प्रदेशात राहिला आणि मे १८६६ मध्ये ऑरेगॉनमध्ये वारला; ऑबर्नच्या वृत्तपत्राने त्याच वर्षी त्याचा मृत्युलेख छापला. विंड रिव्हरच्या वृद्धेचा मुलगा म्हणून सांगितला जाणारा बातिस्त १८८५ मध्ये वारला. हे दोघे एक असू शकत नाहीत, आणि त्या वृद्धेला सकागाविआ ठरवण्याचा एक मोठा आधार तिथेच निखळतो.

याचा अर्थ शोशोनी वृद्धांनी खोटे सांगितले असा मी लावत नाही. विंड रिव्हरची पोरिवो नावाची ती स्त्री त्यांच्यात खरोखर राहिली आणि मानाने जगली. तिच्याविषयीच्या आठवणी तिच्याच म्हणून जपल्या जाव्यात, असे मला मनापासून वाटते. सकागाविआच्या मृत्यूच्या सालापुढे मी ‘बहुधा १८१२’ लिहितो, आणि यापुढेही तसेच लिहीन.