नुसता डॉसबॉक्स पुरत नाही
एका लेखात म्हटलंय, ६४-बिट विंडोजवर जुने बीबीएस डोअर गेम (मोडेमने जोडायच्या बुलेटिन बोर्डांवरचे डॉस गेम) डॉसबॉक्समध्ये (डॉस प्रोग्राम चालवणारा एम्युलेटर) टाका, झालं! गेम उघडेल, पण खेळाडू कोण हे त्याला ड्रॉप फाइलमधूनच (बीबीएस गेमसाठी लिहून ठेवतं ती माहितीची फाइल) कळतं. डोअर.सिस या ड्रॉप फाइलच्या पहिल्या ओळीत 'कॉम०:' लिहिलं की गेम लोकल मोडमध्ये, म्हणजे मोडेमशिवाय त्याच संगणकावर, चालतो. आधी तसंच तपासा. बाहेरच्या खेळाडूंना जोडायला लागणारी फॉसिल ड्रायव्हर आणि टेलनेटची भानगड नंतर. टर्बो पास्कल भाषेत लिहिलेले काही गेम उघडताच 'रनटाइम एरर २००' देऊन मरतात. संदेश शून्याने भागल्याचा, पण खरं म्हणजे वेगवान प्रोसेसरवर सीआरटी युनिटमधला (टर्बो पास्कलचा पडदा हाताळणारा तयार कोड) डिलेचा, म्हणजे थांबायचा वेळ ठरवणारा, भागाकार ओव्हरफ्लो होतो (उत्तर जागेत मावत नाही). डॉसबॉक्समधल्या सायकल्स (वेगाचं सेटिंग) कमी करा किंवा गेमच्या ईएक्सई फाइलला पॅच (दुरुस्ती) लावा (पॅचच बरा, सायकल्स घटवल्या की गेम रखडतो). चौकटींच्या जागी भलतीच अक्षरं दिसली तर टर्मिनलमध्ये यूटीएफ-८ ऐवजी सीपी४३७ (डॉसचा जुना अक्षरसंच) निवडा.