ट्रँगलच्या आगीनंतरचं अधिवेशन
१९११ च्या न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळावरचा एक लेख वाचला. त्यात अमेरिकी सिनेटरच्या निवडीचा घोळ (तेव्हा ती विधिमंडळच करायचं) आणि तरुण फ्रँकलिन रूझवेल्टचं त्यावरून पक्षातलं बंड छान आलंय, पण त्या अधिवेशनाचं खरं मोल वेगळं आहे. २५ मार्चला न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल या कपड्यांच्या कारखान्याच्या आगीत १४६ कामगार गेले, बहुतेक स्थलांतरित तरुण मुली. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते राज्याच्या सिनेटमधले (वरच्या सभागृहातले) नेते रॉबर्ट वॅग्नर आणि उपाध्यक्ष असेंब्लीतले (खालच्या सभागृहातले) बहुमताचे नेते अल स्मिथ. दोघेही टॅमनी हॉलचे, म्हणजे न्यूयॉर्क शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या भ्रष्टाचारासाठी बदनाम संघटनेचे, त्यामुळे सुधारक त्यांच्याकडे संशयानेच बघत. कामगारांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स यांनी त्यांना थेट कारखाने दाखवले, आणि मग आगीपासून संरक्षण, स्वच्छता, कामाचे तास यांवर एकामागून एक कायदे झाले. मासळीबाजारात राबून वर आलेल्या स्मिथवर तरी लेखात दोन ओळी हव्याच होत्या!