मंग बनाडतस कसाले?

आज दुपारी अमळनेरला अप्पांकडे कुलरसमोर बसून सगळ्यांना जपानमधल्या साप्पोरोच्या बर्फ महोत्सवाचे फोटो दाखवत होते. बाहेर मे महिना पेटलेला आणि मोबाईलवर पंधरा-पंधरा मीटर उंच बर्फाच्या इमारती, लोक खूश झाले. मग शेवटचा व्हिडिओ लागला. महोत्सव संपला की दुसऱ्या दिवशी मशीन लावून सगळं पाडतात, तो. अप्पा म्हणाले, "येडा शेतस का व त्या? मंग बनाडतस कसाले?" (वेडे आहेत का गं ते? मग बनवतात कशाला?) घर हसलं, मीही हसले. पण पुण्यात नोकरी करणारा आमचा शिकलासवरलेला चुलतभाऊ म्हणतो, "टोटल वेस्ट आहे ताई. काय उपयोग?" तिथे माझं डोकं फिरलं.

१९५० साली शाळेतल्या पोरांनी ओदोरी पार्कात सहा मूर्ती केल्या, तिथून हे सुरू झालं. १९५५ ला त्यांचं सैन्य यात उतरलं. आज मोठ्या मूर्तींसाठी स्वच्छ बर्फ शहराबाहेरून ट्रकांनी आणावा लागतो. पण मला त्या मोठ्या मूर्तींचं एवढं काही नाही. आम्ही चौघं (मी, चोपड्याची मैत्रीण आणि धुळ्याचं एक जोडपं) उद्घाटनाच्या आदल्या दिवशीच पोचलो होतो. पार्काच्या पश्चिम टोकाला साध्या नागरिकांच्या छोट्या मूर्ती असतात. तिथे एक आजोबा घुबड करत होते. बर्फात पाणी कालवून लगदा केलेला, तो बोटाने भेगेत भरायचा, मग छोट्या थापीने एकेक पीस कोरायचं. आणि हे सगळं घुबडाच्या पाठीवर! रस्ता पुढून जातो, पाठ कोण बघणार? चोपडेकरीण बाईंनी मोडक्या जपानीत विचारलंच. आजोबा म्हणाले, ऊन पुढून लागतं, ही बाजू जास्त दिवस टिकेल.

जास्त दिवस म्हणजे किती, तर आठवडाभर.

बरं, मग आपण काय करतो? श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते. आठ दिवस आधीपासून घर धुणं, भांडी घासणं, रोटांसाठी गहू निवडणं. नारळाला डोळे, नथ, दागिने, साडी. माझी आई त्या नथीवर तासभर घालवते. रविवारी बसवायची, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. अप्पा त्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे नाचतात. तेव्हा कोणी म्हणतं का, वेस्ट आहे?

हो, माहितीये, ती देवी आहे आणि ते घुबड. आणि जपानी लोक काही संत नाहीत, त्या आठवड्यात पर्यटकांच्या जिवावर शहर बक्कळ कमावतं. मान्य.

अप्पांवर माझा राग नाही खरं तर. घरात आलेला कापूस भावाची वाट बघत पडून असतो, त्या माणसाने उपयोग विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? राग त्या चुलतभावाचा येतो. पोरगी चित्र काढते, काय उपयोग. पोरगा तबला शिकतो, मार्क मिळतात का. दहावी आली की रंगपेटी माळ्यावर. आपल्याकडे हातात कला असलेली पोरं कमी नाहीत, हा प्रश्न विचारून विचारून आपणच त्यांना गप्प बसवतो. आणि हाच भाऊ तासन्‌तास रील्स बघतो, त्याचा काय उपयोग रे दादा?

त्या आजोबांना मी फोटो काढू का विचारलं, तर ते उठून बाजूला झाले. मला घुबडाचाच हवाय असं वाटलं त्यांना. मी नको नको म्हणेपर्यंत ते हातमोजे झटकत लांब जाऊन उभे. त्यामुळे माझ्याकडे फक्त पाठीचा फोटो आहे, पहिल्या कमेंटमध्ये टाकतेय. पिसं मोठी करून बघा.

आणि कमेंटमध्ये "खर्च किती आला" विचारणाऱ्यांनो, भरपूर आला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतं, हॉटेलं लवकर भरतात, जायचं असेल तर आत्ताच बघायला लागा. बूट चांगले घ्या, आम्ही चौघंही आपटलो.