थिएटरवाल्यांनो, मध्यंतर द्या की!

अमेरिकेत थिएटरमध्ये जाऊन हिंदी सिनेमा बघायला मला फार आवडतं, हे आधीच सांगते. गुरुवारी संध्याकाळी इथे कॅलिफोर्नियात पहिला शो लागतो तेव्हा पुण्यात शुक्रवारची सकाळ झालेली असते. भावंडं ऑफिसात असतानाच आपला सिनेमा बघून झालेला, मग फॅमिली ग्रुपवर भाव खायला मोकळे! खुर्च्याही अशा, की पाय पसरून आडवं व्हावं. खाली इंग्रजी सबटायटल्स असतात, त्यामुळे इथे वाढलेली मुलंही कुरकुर न करता येतात.

तक्रार एकच. मध्यंतर नाही.

म्हणजे पडद्यावर पाटी येते हो. व्हिलन नायकाचा सख्खा भाऊ निघतो, ढँटढँ होतं, ‘इंटरव्हल’ झळकतं आणि पुढच्या क्षणाला दुसरा भाग सुरू! आपले लेखक त्या पाटीच्या हिशोबानेच पटकथा रचतात. धक्का बसल्यावर बाहेर येऊन ‘मला आधीच वाटलं होतं’ असं म्हणायला माणसाला दहा मिनिटं नकोत? ‘अ‍ॅनिमल’ ३ तास २१ मिनिटांचा होता, वर ट्रेलरची वीसेक मिनिटं वेगळी. आमच्या सासूबाई गाणं लागलं की बाथरूमला जाऊन येऊ म्हणून थांबतात, तर हल्ली गाणीही धड लागत नाहीत.

फ्रीमाँटला पूर्वी नाझ ८ होतं. आठ पडदे, देशी सिनेमे, चहा-समोसे. आता सिनेमे मोठ्या साखळ्यांत लागतात, घराजवळ लागतात, त्याचा आनंदच आहे. पण त्यांचं गणित मला कळत नाही. तिकिटाच्या पैशात वितरकाचा वाटा असतो, थिएटरची खरी कमाई पॉपकॉर्न-कोकवर. आपल्याकडची मल्टिप्लेक्स मध्यंतरात काउंटरवर किती विकतात ते बघा जरा! शो उशिरा सुटेल म्हणाल, तर २०२४ च्या ‘द ब्रुटलिस्ट’मध्ये चक्क १५ मिनिटांचं मध्यंतर होतं. अमेरिकन प्रेक्षक उठले, फिरून आले, पुन्हा बसले. काही बिघडलं नाही.

रोज नको. निदान शनिवार-रविवारी, अडीच तासांच्या वरच्या सिनेमाला तरी द्या.

न्यू जर्सीवाले, डॅलसवाले, तुमच्याकडे कुठलं थिएटर मध्यंतर देतं का? कमेंटमध्ये नाव टाका. आणि समोसा मिळत असेल तर तेही लिहा.