बोलणं माझं, हेल समोरच्याचा

फोनवर मी कोणाशी बोलतोय, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही. आतल्या खोलीत बसून ओळखतात. "मामांचा होता ना?" मी फोन ठेवायच्या आत बायको म्हणते. नाव तर मी घेतलेलं नसतं. "नाव कशाला हवं? 'व्हय की' म्हणालास आणि प्रत्येक वाक्याचं शेपूट ओढलंस."

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणतात. माझ्या बाबतीत गुण राहतात बाजूला, हेल तेवढा लागतो. घाईघाईने बोलणारा भेटला की मला धाप लागते. सावकाश बोलणारा भेटला तर माझ्या दोन शब्दांच्या मध्ये ऐकणाऱ्याने एक डुलकी काढून घ्यावी. साहेबांसमोर 'सदरहू' आणि 'त्या अनुषंगाने' आपोआप बाहेर पडतात. परवा तर तक्रार नोंदवायच्या यंत्रातल्या बाईंना मी त्यांच्याच सुरात "आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद" म्हणालो. त्या रेकॉर्ड केलेल्या होत्या.

भाषेच्या समाजशास्त्रात मात्र माझ्यासारख्यांना मान आहे. माणूस आपलं बोलणं समोरच्याकडे झुकवतो किंवा मुद्दाम त्याच्यापासून दूर नेतो, असा सिद्धांत हॉवर्ड जाइल्स यांनी १९७०च्या दशकात मांडला. निकोलस कूपलँड यांनी कार्डिफमधल्या एका ट्रॅव्हल एजन्सीतल्या सहायक बाईंचं बोलणं रेकॉर्ड केलं, तर जसं गिऱ्हाईक तसे त्यांचे उच्चार. (त्यांना निदान सहली तरी खपवायच्या होत्या. मी फुकट झुकतो.) न्यूझीलंडमध्ये ॲलन बेल यांना आढळलं, की तोच वृत्तनिवेदक दोन रेडिओ केंद्रांवर दोन तऱ्हांनी 'ट' उच्चारतो. समोर माणूस नाही, नुसता माइक! हे वाचल्यावर यंत्रातल्या बाईंबद्दलची माझी लाज बरीच कमी झाली.

सगळ्यात गाजलेला प्रयोग विल्यम लॅबोव यांचा. १९६२ साली ते न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत गेले: एक उंची, एक मध्यम, एक स्वस्त. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे, असं विचारायचं, आणि उत्तर आलं की "काय म्हणालात?" करून तेच पुन्हा वदवून घ्यायचं. अशी २६४ माणसं त्यांनी ऐकली, ती 'फोर्थ फ्लोअर'मधला 'र' वाजतो की गिळला जातो एवढ्यासाठी. दुकान जितकं उंची, तितका 'र' जास्त वाजला. त्या दुकानांत मी नोकरीला नव्हतो हे शास्त्राचं नशीब. मी लॅबोव यांना त्यांचाच 'र' परत केला असता.

शास्त्र ठीक आहे, पण समोरच्याने ते वाचलेलं नसतं. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ प्रत्येक वाक्याला 'काय?' जोडतात. "उद्या येतो, काय?" मी म्हणालो, "या की, काय?" ते थबकले. "काय?" "काही नाही, काय?" त्यानंतर ते आलेच नाहीत.

मग ठरवलं, ताठ राहायचं. त्यालाही आधार आहे: जाइल्स आणि बूरी यांच्या १९७७च्या प्रयोगात वेल्श शिकणाऱ्यांना एका ऐटबाज इंग्रजी आवाजाने विचारलं, भविष्य नसलेली ही मरणपंथाची भाषा शिकता कशाला? तेव्हा अनेकांचा वेल्श हेल आणखी दाट झाला. बाणेदार माणसं! पण ताठ राहायला आधी स्वतःचा हेल लागतो. माझा कोणता, ते बायकोला विचारलं. ती म्हणाली, "आत्ता तू माझ्यासारखा बोलतोयस."

खरी कसोटी लिफ्टमध्ये लागली. डाव्या हाताला साहेब, उजव्या हाताला शाळेतला दोस्त. "काय गड्या, वळखलं न्हाईस व्हय?" दोस्ताने पाठीत थाप घातली. साहेबांनी भुवई उचलली. दोघांना एकाच दमात उत्तर देणं भाग होतं. "सदरहू इसमास म्या लई वर्षांनी अवलोकन करतुया," असं काहीतरी झालं. दोस्त हबकला. साहेब काही बोलले नाहीत. त्यांचा मजला आला, दार उघडलं, आणि बाहेर पडता पडता ते माझ्या दोस्ताला म्हणाले, "येतो गड्या."